नवसाचे गुडघे

मला आयुष्यात मिळालेल्या शिव्यांपैकी बहुतेक शिव्या पाच वर्षांखालच्या माणसांनी दिलेल्या आहेत. त्यातल्या काहींना धड उभंही राहता येत नव्हतं, पण माझा मुडदा कसा बसवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लोहारा तालुक्यातल्या एका पोरानं मला "तुझ्या तोंडात माती" असं सुनावलं, तेव्हा त्याचे दुधाचे दातही पुरते आलेले नव्हते. त्याची आई लाजून चूर झाली. मी म्हटलं, राहू द्या हो, उच्चार स्वच्छ आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट. भाजलेल्या लहान मुलांचे आखडलेले हातपाय ओढून सरळ करणं हे माझं काम होतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पेन्शन चालू आहे आणि ती चालू राहावी अशी माझी इच्छा आहे. जिल्हा सांगायला हरकत नाही. मी रुजू झाले तेव्हा पाटीवर उस्मानाबाद होतं, निवृत्त झाले तेव्हा धाराशिव. मधल्या काळात पाटी बदलली, आमच्या वॉर्डातला गळका नळ तेवढा बदलायचा राहिला.

आता हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल, कारण लोकांना वाटतं की भाजलेलं लेकरू एक तर जगतं किंवा जगत नाही, आणि जगलं की विषय संपला. विषय तिथं सुरू होतो. भाजल्याची जखम भरताना आजूबाजूचं सगळं आपल्याकडे ओढत भरते. नवी कातडी आखडते. कोपराच्या आतल्या बाजूला भाजलं असेल तर हात दुमडून बसतो, गळ्याला भाजलं असेल तर हनुवटी छातीकडे ओढली जाते, गुडघ्यामागे भाजलं असेल तर पाय सरळ होत नाही. आणि यातली खरी मेख अशी की लेकराला ज्या अवस्थेत बरं वाटतं, नेमकी तीच अवस्था त्याला वाकडं करते. गुडघे पोटाशी घेऊन आईच्या कुशीत पडलं की दुखत नाही, म्हणून ते तसं पडतं, आणि तसं पडलं म्हणून तसंच राहतं. माझा पगार हे सुख मोडून काढण्यासाठी होता. वॉर्डात मला सगळे 'मोडणारी बाई' म्हणत. मी दारात दिसले की खाटांवरची पोरं एकसुरात रडायला लागत. मोठमोठ्या पुढाऱ्यांना असं स्वागत मिळत नाही.

उपचार यशस्वी झाला की नाही, हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगायचा. आमचे सर्जन, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणत असू, त्यांच्या मते लावलेली कातडी धरली की झालं काम. नातेवाइकांच्या मते लेकरू घरी आलं की झालं. मुलगी असेल तर एखादी आत्या खालच्या आवाजात विचारायची, डाग राहील का, पुढं लग्नाला अडचण येईल का. मुलगी तीन वर्षांची असायची. लेकराच्या मते कुरकुरे मिळाले की उपचार उत्तम. आणि माझ्या मते, त्या लेकराला उकिडवं बसता आलं पाहिजे, उभं राहता आलं पाहिजे, पाटी धरता आली पाहिजे आणि शेजारच्याला धपाटा घालता आला पाहिजे. माझी व्याख्या कुठल्याच रकान्यात बसायची नाही. रकान्यात 'बरा होऊन घरी गेला' एवढंच असायचं.

साधनं म्हणाल तर पाय सरळ धरून ठेवायला जी खोबण लागते, ती आम्ही पाण्याच्या पाइपाची करायचो. प्लंबरच्या दुकानातून रुंद पाइप आणायचा, कापायचा, गरम पाण्यात मऊ करायचा, लेकराच्या पायाच्या आकाराचा वाकवायचा, आत कापूस आणि बँडेज. वरून मागणी केलेलं खरं साहित्य येईपर्यंत पोरं लग्नाची झाली असती. त्या पाइपांवर कंपनीची छापील अक्षरं असायची. जिल्ह्यातली निम्मी भाजलेली पोरं पायावर आयएसआयचा शिक्का घेऊन फिरली आहेत. तेवढी हमी तर आमचे डॉक्टर लोकही देत नाहीत.

नमुने खूप भेटले. भूमकडच्या एका गुरुजींच्या मुलाचा हात भाजला होता. मुलाचं रडणं गुरुजींना बघवेना. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर रीतसर अर्ज ठेवला, विषय 'व्यायामातून सूट मिळणेबाबत'. खाली 'आपला विश्वासू' म्हणून चार वर्षांच्या मुलाचा अंगठा. मी त्यावर 'नामंजूर' लिहून दिलं. गुरुजी सरकारी माणूस, लेखी नामंजूर झाल्यावर त्यांना एकदम बरं वाटलं. त्यानंतर ते स्वतः मुलाचा हात धरून बसायचे. मुलाचा हात छान झाला. गुरुजींचं मराठी आधीपासूनच छान होतं.

पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र मी पाहिली, ती सांगितली की लोकांना माझा राग येतो. ज्या पोरांची घरी हेळसांड होते, ज्यांना उचलून घ्यायला कोणी मोकळं नसतं, ती पोरं बऱ्याचदा सरळ निघतात. कारण त्यांना रांगत, घसटत, रडत स्वतःचं स्वतः हलावं लागतं. सगळ्यात वाकडी होतात ती लाडकी पोरं. आणि माझ्या हातून गेलेल्या पोरांत आरूइतकं लाडकं कोणी नव्हतं.

आरू म्हणजे आराध्या, राहणार माकणीजवळची एक वस्ती, वय साडेतीनच्या आसपास, वजन जेमतेम, आवाज मात्र तहसील कचेरीपर्यंत जाईल असा. घर मेंढरं राखणारं. बाप पुण्याकडं कंपनीत, आई पूजा, आणि आजोबा, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची. मीही आबाच म्हणू लागले.

आरू आमच्याकडे आली ती येळवशीच्या दिवशी. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबिल यांच्यावर तुटून पडायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. सगळ्या भाज्या, सगळ्या शेंगा आणि बेसन घालून रटरट शिजवलेला तो घट्ट रस्सा, भल्यामोठ्या पातेल्यात. आणि घट्ट असतो म्हणूनच तो आमच्या कामाचा. पाणी सांडलं तर निथळून जातं, भज्जी अंगाला चिकटून बसते आणि शिजवत राहते. येळवशीला सगळा जिल्हा जेवून सुस्त पडतो तेव्हा आमच्या वॉर्डात भरती चालू असते. मी नोकरीत असेपर्यंत एकाही येळवशीला भज्जी सुखानं खाल्ली नाही.

आरू धावता धावता घसरली आणि पातेल्यात बसली. शेजारीच आंबिलाचा गार माठ होता. त्यात बसली असती तर माझी आणि तिची ओळख झाली नसती. कोणीतरी घाईनं तोच माठ तिच्यावर ओतला. कल्पना चांगली होती. ताक गार असतं, पण आंबिलात हिरवी मिरची आणि लसूण वाटून घातलेला असतो, हे ओतणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. लेकरू वॉर्डात आलं तेव्हा फोडणीचा वास सुटला होता. वाचकहो, साधं पाणी ओतावं, नळाचं, विहिरीचं, तुम्हाला कंटाळा येईल इतका वेळ. बाकी सगळे पदार्थ ताटात चांगले लागतात.

मांड्यांची मागची बाजू आणि दोन्ही गुडघ्यांच्या मागचा भाग खोलवर भाजला होता. पहिला आठवडा वाईट गेला. ताप उतरेना, लेकरू डोळे उघडेना. आबा वॉर्डाच्या दारात घोंगडी टाकून बसलेले. उंच, हडकुळा, मानेवर मेंढरू घेऊन फिरून फिरून पुढं आलेली मान. त्यांच्याकडे बटणांचा मोबाइल होता आणि तो कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे माकणीच्या मेंढरांची तब्येत सगळ्या वॉर्डाला रोज कळायची. मी जाता-येता त्यांना नमस्कार करायचे. ते कधी कोणावर ओरडले नाहीत, कधी कोणाला लवकर बघा म्हणाले नाहीत. मला ते आवडायला लागले होते, आणि या कामात नातेवाईक आवडायला लागले की पंचाईत होते.

मग ताप उतरला. संक्रांत झाल्यावर सरांनी मांडीच्या पुढची कातडी काढून मागं लावायचं ठरवलं. सर हे समजावून सांगत असताना आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कातडं हिचंच का दुसऱ्याचं?"

"तिचंच," सर म्हणाले.

"बरं झालं. म्हनलं मेंढराचं लावत्याल, मंग दर उन्हाळ्याला कातरावं लागंल."

सर हसले नाहीत. मी बाहेर जाऊन हसून आले. कातडी झकास धरली. सर खूश, पूजा खूश, आरूला कुरकुरे. मी पाइपाच्या दोन खोबणी केल्या, दोन्ही पायांना बांधल्या, आणि आबांना व पूजाला बसवून सांगितलं. रात्री हे बांधायचं. दिवसा सोडायचं आणि तिला उभं करायचं, चालवायचं, रडली तरी चालवायचं. कडेवर घ्यायचं नाही. कडेवर घेतलं की गुडघे दुमडतात आणि कातडी तशीच आखडते. दर आठवड्याला दाखवायला आणायचं. दोघांनी माना डोलावल्या. पूजानं ते सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. आबांनी आरूला कडेवर घेतलं आणि निघाले. मी ओरडले, तर म्हणाले, "हितून ष्ट्यांडापर्यंत तरी."

त्यानंतर ते आलेच नाहीत. पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचा गेला, शिवरात्र झाली. न येणाऱ्यांची मला सवय होती. शेतं असतात, मेंढरं असतात, एसटी असते आणि नसते. निघून गेलेल्या अशा कितीतरी पोरांचं पुढं काय झालं हे मला आजही ठाऊक नाही, आणि ते मला सलतं. आमच्या कागदावर ती सगळी बरी होऊन घरी गेली आहेत.

शिमग्याच्या सुमारास आबा दारात उभे राहिले. मानेवर आरू बसलेली, त्यांच्या पागोट्याची गाठ दोन्ही हातांत धरून. चेहरा गोल झालेला, तेल घातलेले केस, डोळ्यांत काजळ, नवा फ्रॉक. वॉर्डात इतकं देखणं लेकरू त्या महिन्यात आलं नव्हतं. मागं पूजा, मान खाली घालून.

"बगा बाई," आबा म्हणाले, "लई जपलं. एक पाऊल खाली टेकू दिलं न्हाय."

मी आरूला टेबलावर निजवलं. दोन्ही गुडघे दुमडलेले. मी हलकेच सरळ करायला गेले, तर अर्ध्यावर अडले. मागची कातडी दोरीसारखी ताठ उभी राहिली. आरूनं माझा मुडदा बसवला. मी तिला सोडलं, आणि मला इतका राग आला की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मोठ्या माणसांवर ओरडायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. ठरवलेलं होतं, पाळलं नाही.

"आबा, मी काय सांगितलं होतं तुम्हाला? चालवा म्हटलं होतं ना? हे काय केलंत तुम्ही? दोन्ही पायांनी अधू कराल तिला."

मी पूजाकडे वळले. पूजानं आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "मामांचा नवस हाय, बाई."

तेव्हा सगळं कळलं. आरू डोळे उघडत नव्हती त्या आठवड्यात, वॉर्डाच्या दारात बसून, आबा पांडवांना शब्द देऊन बसले होते. लेकरू जगू दे. पुढच्या येळवशीला तुमच्या पुढ्यात आणून उतरवीन. तवर तिचा पाय भुईला लागू देणार न्हाय.

पुढची येळवस म्हणजे आणखी नऊ-दहा महिने काढायचे. तोवर त्या गुडघ्यांचं काही राहिलं नसतं. पुन्हा कातडी कापा, पुन्हा लावा, पुन्हा हेच. आणि तेवढं करूनही पाय सरळ होईलच असं सर सांगायला तयार नव्हते. या आधी मी दृष्ट, अंगारा, गंडेदोरे, टूथपेस्ट आणि शाई यांच्याशी भांडले होते. पण तिथं वाद चुकीच्या औषधाशी होता. इथं माणसानं औषध घेतलं होतं, ते लागू पडलं होतं, लेकरू जगलं होतं, आणि आता तो बिल चुकतं करत होता. पांडवांनी त्यांचं काम केलं, आता आबांची पाळी, असा सरळ व्यवहार. यात अंधश्रद्धा-बिंधश्रद्धा म्हणून मी भाषण ठोकलं असतं तर आबांनी ते ऐकून घेतलं असतं आणि लेकरू उचलून नेलं असतं. म्हणून मी ठरवलं की डॉक्टरकी बाजूला ठेवायची आणि वकिली करायची.

"आबा," मी म्हटलं, "आपण कुठं उभे आहोत?"

"दवाखान्यात."

"दुसऱ्या मजल्यावर. ही भुई नाही, हा स्लॅब आहे. इथं तिला चालवलं तर शब्द मोडत नाही."

आबांनी काठी फरशीवर दोनदा आपटली. विचार केला.

"ह्याच्या खाली काय हाय?"

"बाळंतिणींचा वॉर्ड."

"त्याच्या खाली?"

"औषधांचं गोदाम."

"त्याच्या खाली?"

"भुई," मला म्हणावं लागलं.

"मंग भुईच की."

खालचं कोर्ट मी हरले. पण हरता हरता एक गोष्ट लक्षात आली, की हा माणूस मुद्दा ऐकतो. रागावत नाही, उडवून लावत नाही, नीट तपासतो. माझे वरिष्ठ असे असते तर गळका नळ तरी दुरुस्त झाला असता.

मी सरांकडे गेले. अशा आखडलेल्या गुडघ्याला एक इलाज असतो. पाय जेवढा सरळ होतो तेवढा करून प्लास्टर घालायचं. आठवड्यानं काढायचं, थोडा आणखी सरळ करायचा, पुन्हा प्लास्टर. कातडी हळूहळू सैल पडते. एरवी हे प्लास्टर घोट्यापर्यंतच घातलं तरी चालतं. मी सरांना म्हटलं, आपण पावलासकट घालू. सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं. सर म्हणाले, "पांडवांना माझा नमस्कार सांगा."

परत येऊन मी आबांपुढे मुद्दा मांडला. पाय पूर्ण प्लास्टरमध्ये, बोटांपर्यंत. ती उभी राहिली तर भुईला लागेल ते प्लास्टर. पाय आत, अधांतरी.

"ही वहाणच झाली की मंग," आबा म्हणाले. "वहाणंचं म्या इचारून ठिवलंय. वहाण चालत न्हाय."

"वहाण काढता येते. हे काढता येत नाही. लेकराला काढता येत नाही, तुम्हाला काढता येत नाही. करवत लागते."

आबांनी मोबाइल काढला आणि वस्तीवरच्या पुजाऱ्याला लावला. स्पीकरवर. सगळा वॉर्ड खाटांवर उठून बसला. आबांनी मुद्दा सविस्तर मांडला, माझ्यापेक्षा चांगला मांडला. पलीकडे बराच वेळ नुसती मेंढरं ऐकू येत होती. मग पुजारी म्हणाला, "कातडं लागतंय का भुईला?"

"न्हाय."

"मंग झालं की. त्यात काय इचारायचं? ती लंगडी मेंढी काय म्हंतीया?"

वॉर्डानं सुटकेचा श्वास सोडला. मी तर टाळी वाजवायची बाकी होते.

पुढचे काही आठवडे आरू आमच्याकडेच राहिली. प्लास्टर घालताना शिव्या, काढताना शिव्या, मधल्या वेळात ती दोन पांढरे खांब घेऊन खाट धरून उभी राहायची आणि शेजारच्या पोरांवर हुकूम सोडायची. आबा तिच्या पावलांकडे बारीक लक्ष ठेवून असायचे. एकदा एका प्लास्टरचा तळ झिजून अंगठा बाहेर डोकावला, तर ते धावत मला बोलवायला आले. मी अंगठा बुजवला. दवाखान्यात हाड मोडल्यावर प्लास्टर घालतात, आम्ही नवस मोडू नये म्हणून घालत होतो. पण गुडघे सरळ होत होते. मला रात्री झोप लागायला लागली होती.

उन्हं कडक झाली तशी आत घामानं कातडी खराब व्हायला लागली. आता प्लास्टर ठेवणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, काढा, यापुढं चालणं हाच उपचार. माझी वकिली तिथं संपली. पुढं मांडायला मुद्दा नव्हता.

ज्या दिवशी शेवटचं प्लास्टर कापलं, त्या दिवशी व्यायामाच्या खोलीत आम्ही पाचच जण. आरू, पूजा, आबा, मी आणि करवत चालवणारा आमचा कर्मचारी, जो काम संपताच चहाला गेला. मी दोन्ही पाय धुतले, पुसले, मोजले. डावा गुडघा पूर्ण सरळ. उजवा दोन बोटं कमी. आजही तो तेवढाच कमी आहे, ते इथंच सांगून टाकते, आणि त्या दोन बोटांचं मला अजून वाईट वाटतं. पण उभं राहायला, पळायला, उकिडवं बसायला ते पुरेसं होतं. अट एकच होती. आता तिला खाली सोडलं पाहिजे. पुन्हा उचलून फिरवलं तर येळवशीपर्यंत दोन्ही गुडघे होते तिथं जातील, आणि मग सुरीशिवाय उपाय नाही. मी हे सगळं आबांना सांगितलं. या वेळी गंमत केली नाही.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमी लई केलंव. तुमच्या पलास्तरानं माझा शबूद राखला. आता हितून फुडं म्याच राखतो." आणि त्यांनी वाकून आरूला उचलायला हात पुढे केले. तिनंही सवयीनं हात वर केले.

पूजा मध्ये आली. या मुलीनं त्या सगळ्या महिन्यांत सासऱ्यासमोर मान वर केलेली मी पाहिली नव्हती. आत्ताही तिनं ती पूर्ण वर केली नाही. ती फरशीकडे बघतच म्हणाली, "मामा, नवस तुमी बोललाव. पाय तिचे का म्हून?"

आबांचे हात तसेच पुढे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. मी इतके दिवस स्लॅब, वहाण, कातडं असे मुद्दे लढवत होते आणि हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. पूजानं आरूला टेबलावरून उचललं, आणि दोन्ही पावलं फरशीवर टेकवून उभं केलं. मग हात सोडले.

आरूच्या उघड्या पावलांना कित्येक महिन्यांत काही लागलेलं नव्हतं. गार फरशी लागताच तिनं किंचाळून खोली डोक्यावर घेतली. एका हातानं टेबल धरून ती दुसरा हात आबांकडे करून ओरडत होती. "आबा, उचल. आबा, मला उचल की रं."

आबांनी पुढं केलेले हात मागं घेतले. पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मीही रडत होते. रडणं हा माझ्या पेशंटचा प्रांत, मी सहसा त्यात शिरत नाही, पण त्या दिवशी शिरले.

आरूनं थोडा वेळ वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आबांनी नाही म्हटलं होतं, आणि ते तिला समजेना. मग समजलं. तिचा चेहरा लाल झाला, आणि जी शिवी इतके दिवस फक्त माझ्यासाठी राखून ठेवली होती ती तिनं आबांना दिली. "मुडदा बशिवला तुझा." नुसतं बोलून तिचं समाधान होईना. तिला त्यांना मारायचं होतं. त्यासाठी तिनं टेबल सोडलं आणि एक पाय पुढं टाकला.

मूठ उगारून, हुंदके देत, एका बाजूला कलंडत ती दुसरं पाऊल टाकून त्यांच्याकडे निघाली. पोचणार तेवढ्यात आबा एक पाऊल मागं सरकले. ती आणखी चिडली, आणखी एक पाऊल आली. ते पुन्हा मागं सरकले. खोली लहान होती. त्यांची पाठ दाराला लागली.

मी विचारू नये ते विचारलं. "आबा, पांडवांचं काय?"

"त्यांचं आन् माझं म्या बघून घेतो," आबा लेकरावरची नजर न काढता म्हणाले. "तुमी आदी दार उगडा."